काळा चकचकीत थर आणि घाण्याचं तेल: कडक कार्बनच्या लेपाला कोणतं वंगण मानवतं

गावातल्या एखाद्या बीएस-६ पिकअपचा इंजेक्टर खोललेला पाहायला मिळाला, तर आतल्या सुईकडे नीट बघा. सुई पोलादाची, पण बऱ्याचदा तिच्या अंगावर काळपट करडी झाक असते, आरशासारखी चकचकीत. ती काजळी समजून कुणीतरी बारीक पॉलिश पेपर घेतो, घासायला बसतो आणि महागाचा पार्ट दहा मिनिटांत भंगारात जातो. गल्लत होणं साहजिक आहे. काजळी कार्बनची, हा थरही कार्बनचाच. फरक इतकाच की काजळी बोटाने पुसली जाते आणि या थरावर कानस घसरते.

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराचे निकष लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना जोरदार दाबाने डिझेल देणारे) पंप-इंजेक्टर आले. म्हणजे हा थर आता शहरातल्या गाड्यांपुरता राहिलेला नाही, शिवारातही पोचलाय. दाढीच्या महागड्या ब्लेडच्या धारेवर तो असतो, संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतो, काही मोटरसायकलींच्या इंजिनातही असतो. याला कारागीर ‘डीएलसी’ म्हणतात. डायमंड-लाइक कार्बन, म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन.

हिऱ्यासारखा, हिरा नव्हे. कार्बनच्या अणूला चार हात असतात असं धरा. हिऱ्यात प्रत्येक अणू चारही हातांनी चार शेजाऱ्यांना धरून असतो, म्हणून तो कुठूनही हलत नाही. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमध्ये तीन हात एकाच पातळीत गुंतलेले, त्यामुळे अणूंची पानं तयार होतात आणि पानावरून पान सरकतं. पेन्सिल कागदावर उमटते ती या सरकण्यामुळेच. डीएलसीमध्ये दोन्ही प्रकारचे जोड असतात, कसल्याही मांडणीशिवाय, खिचडीसारखे. १९७१ मध्ये अमेरिकेत आयसेनबर्ग आणि शॅबट यांनी कार्बनच्या आयनांचा झोत मारून असा थर पहिल्यांदा बसवला.

बाजारात याच्या दोन जाती महत्त्वाच्या, आणि पुढचं सगळं या दोघींतल्या फरकावरच चालतं. पहिली हायड्रोजनवाली. निर्वात पेटीत ॲसिटिलीनसारखा वायू सोडून, विजेने त्याचा प्लाझ्मा करून ती बसवतात. तिच्यात दर शंभर अणूंमागे साधारण २० ते ४० हायड्रोजनचे असतात आणि कडकपणा १० ते ३० गिगापास्कल. दुसरी बिनहायड्रोजनची. ग्राफाइटच्या ठोकळ्यावर विजेचा आर्क मारून अणू उडवतात आणि ते पार्टवर जाऊन आदळतात. हिचा कडकपणा ४० ते ८० गिगापास्कल. तुलनेला बेअरिंगचं पाणी दिलेलं पोलाद ७-८ वर असतं आणि खरा हिरा १०० च्या आसपास.

आणि जाडी? एक ते तीन मायक्रॉन. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनचा धरला, तर दोन मायक्रॉनचा थर त्याचा पस्तिसावा भाग. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाच्या पंक्तीला बसवावा इतका पातळ. ही जाडी लक्षात ठेवा, कारण बहुतेक बिघाड ती विसरल्यामुळेच होतात.

कोरडा थर, विदर्भाची हवा

‘हिऱ्यासारखा थर आहे, त्याला तेल कशाला?’ असं वाटतं. थोडंफार खरंही आहे. कोरडं पोलाद पोलादावर घासलं तर घर्षणांक, म्हणजे सरकताना होणाऱ्या अडथळ्याचं माप, ०.६ च्या घरात जातो. डीएलसीवर तो साध्या हवेत ०.०५ ते ०.२ इतकाच राहतो. पण हा आकडा हवेतल्या ओलाव्यावर डोलतो, आणि दोन्ही जाती उलट्या दिशेने डोलतात.

हायड्रोजनवाल्या थराच्या पृष्ठभागावर कार्बनचे मोकळे हात हायड्रोजनने आधीच धरलेले असतात. कोरड्या हवेत तो खूश. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत अली एर्देमिर यांच्या गटाने भरपूर हायड्रोजनवाल्या थरावर कोरड्या नायट्रोजनमध्ये ०.००१ च्या आसपासचा आकडा मिळवला होता. दमट हवा आली की तो वाढतो. बिनहायड्रोजनच्या थराचं नेमकं उलटं. त्याचे मोकळे हात धरायला पाण्याची वाफ लागते. वाफ मिळाली की तो शांत. अगदी कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात दोन्ही बाजूंचे मोकळे हात एकमेकांनाच पकडतात आणि घर्षणांक पुन्हा ०.६ पर्यंत चढू शकतो.

आता आपल्याकडचं बघा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर आणि दुपारची आर्द्रता पंधरा-वीस टक्के. जुलै-ऑगस्टात तीच ऐंशीच्या वर. एकाच शेडमधलं एकच मशीन दोन महिन्यांत कोरड्यातून ओल्यात जातं. हवेच्या भरवशावर घर्षण सोडायचं नसेल, तर मधे वंगण हवंच.

आकडे फळीवर

घर्षणांक हा शब्द ऐकून कपाळाला आठ्या पडत असतील, तर एक मीटरची सपाट फळी घ्या. तिच्यावर ज्याचं घर्षण बघायचंय त्याची पट्टी बसवा, पट्टीवर दोनेक किलोचा सपाट तळाचा ठोकळा ठेवा आणि फळीचं एक टोक सावकाश उचला. ठोकळा ज्या क्षणी सरकायला लागेल, तिथे थांबा. वर उचललेली उंची भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, हाच घर्षणांक. आडवं अंतर १०० सेंटिमीटर धरलं तर कोरड्या पोलादाला टोक ६० सेंटिमीटर उचलावं लागतं. साध्या तेलाची पुसट पुटी असलेल्या पोलादाला दहाच्या आसपास. डीएलसीवर योग्य वंगण असेल तर पाच. आणि ज्या विशेष जोड्यांबद्दल आपण पुढे बोलणार आहोत, त्यांना एक सेंटिमीटरहून कमी. फळी उचललीय हे डोळ्यांना कळणारही नाही. ०.०१ च्या खालच्या या घर्षणाला शास्त्रात अतिवंगणता म्हणतात.

ही फळी समजण्यापुरती आहे, पार्ट पास-नापास करायला नव्हे. तेल जाड लावलं तर ठोकळा चिकटून बसतो आणि आकडा खोटा वाढतो. शिवाय इंजिनातल्या खऱ्या कॅमवर (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यावर) टेकणाऱ्या बारीक जागेवरचा दाब ठोकळ्याखालच्या दाबाच्या हजारो पट असतो. प्रयोगशाळेत म्हणून फिरत्या चकतीवर पिन दाबून मोजतात.

पोलादाचं तेल कार्बनला का चालत नाही

आता गाभ्याची गोष्ट. इंजिन ऑइलमध्ये जी घर्षण कमी करणारी, झीज थांबवणारी रसायनं घातलेली असतात, ती पोलाद डोळ्यांपुढे ठेवून शोधलेली आहेत. जस्त-फॉस्फरस-गंधकाचं प्रसिद्ध संयुग पोलादावर बसतं, तापतं आणि काचेसारखी रक्षक साय धरतं. ती साय लोखंडावरच नीट धरते. कार्बनच्या थरावर ही रसायनं तितकी घट्ट बसत नाहीत. त्यातून मॉलिब्डेनमचं एक लोकप्रिय मिश्रण तर हायड्रोजनवाल्या डीएलसीला, समोर पोलाद असताना, खातं. घर्षण कमी दिसतं आणि थर मात्र झपाट्याने झिजतो. महाग तेल टाकलं म्हणून निर्धास्त राहिलेल्याला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि जस्त, फॉस्फरस, गंधक हे धुरातून आणि गळतीतून मातीत-पाण्यात जातात, एक्झॉस्टमधलं शुद्धीकरणाचं यंत्र निकामी करतात, ते वेगळंच.

मग कार्बनला काय मानवतं? २००५ च्या सुमाराला निसानमधले संशोधक आणि फ्रान्समधल्या ल्याँचे शास्त्रज्ञ यांनी मिळून दाखवलं की बिनहायड्रोजनच्या डीएलसीवर ग्लिसरीन घातलं आणि ८० अंशांच्या आसपास तापवलं, की घर्षणांक ०.०१ च्या खाली जातो. तेच ग्लिसरीन, जे हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना लावतात. ग्लिसरीन आणि ओलेइक आम्ल जोडून बनणारा ग्लिसरॉल मोनो-ओलिएट हा पदार्थ तेलात एक टक्का मिसळला, तरी घर्षण घसरून पडलं. निसानने २००६ पासून इंजिनाच्या व्हॉल्व्ह लिफ्टरवर बिनहायड्रोजनचा थर आणि त्याला जुळणारं तेल अशी जोडीच वापरात आणली.

पुढे २०१९ मध्ये यामागचं कारण उलगडलं, आणि ते मोठं गमतीचं आहे. ओलेइक आम्ल म्हणजे अठरा कार्बनची साखळी. एका टोकाला आम्लाचं डोकं, मधोमध एक दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बननी एकमेकांना दोन-दोन हातांनी धरलेली जागा. स्टिअरिक आम्ल म्हणजे तीच अठरा कार्बनची साखळी, तेच डोकं, पण दुहेरी बंध नाही. ओलेइकने घर्षण अतिवंगणतेपर्यंत उतरतं, स्टिअरिकने नाही. कारण असं की ओलेइकचं डोकं एका पृष्ठभागाला धरतं आणि दुहेरी बंध समोरच्या पृष्ठभागाला. रेणू दोन्हीकडे बांधला जातो. पृष्ठभाग एकमेकांवरून सरकले की दोरी ताणून तुटावी तसा तो फाटतो. त्यातला ऑक्सिजन कार्बनच्या पृष्ठभागात शिरतो आणि वरचा अणूंचा थर पानासारखा सपाट, मोकळे हात बंद केलेला असा होतो. मग त्याला पकडायला काही उरत नाही. स्टिअरिकला धरायला एकच जागा. तो एका बाजूला चिकटतो, दुसरीकडे नुसता लोंबतो.

ग्लिसरीनला तर धरायला तीन जागा, तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. तेही पृष्ठभागावर फाटतं, मोकळे हात बंद करतं.

इथे एक क्षण थांबून घाण्याकडे बघायला हवं. बीचं कुठलंही तेल म्हणजे काय? ग्लिसरीनची एक छोटी दांडी आणि तिला टांगलेली तीन स्निग्ध आम्लं. म्हणजे ज्या दोन पदार्थांनी प्रयोगशाळेत विक्रमी आकडे दिले, ते दोन्ही करडई-सरकीच्या तेलात आधीच आहेत, फक्त एकमेकांना जखडलेले. ही जखडण महत्त्वाची आहे. तेलातली आम्लाची डोकी दांडीत अडकलेली असल्यामुळे घाण्याचं तेल ओलेइक आम्लाइतकं घर्षण उतरवत नाही. ते चांगलं वंगण आहे, चमत्कार नाही.

‘मंग घरचं जवसाचं तेल टाकलं तं काय होते जी?’

हा प्रश्न इथे हमखास येतो, म्हणून सरळ उत्तर: टाकू नका. दुहेरी बंधामुळे वंगण कार्बनला धरतं हे खरं, पण त्याच दुहेरी बंधाला हवेतला ऑक्सिजनही धरतो. साखळीत एक दुहेरी बंध असेल तर तेल सावकाश खवट होतं. दोन असतील तर दहा-बारा पट वेगाने. तीन असतील तर वीस-पंचवीस पट. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त आम्ल तीन बंधांचं, म्हणून तर ते लाकडावर लावलं की वाळून कातडी धरतं. रंगकामाला तो गुण. बेअरिंगमध्ये तो गोंद.

आणि यात आगीचा धोकाही आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या किंवा कापसाचं वेस्ट गोळा करून कोपऱ्यात टाकलं, तर वाळताना निघणारी उष्णता ढिगात कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकतं. बाजूला रुईच्या गाठी असतील तर पुढचं सांगायला नको. अशा चिंध्या वाळत टाकल्यासारख्या एकेक पसराव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

बाकीच्या तेलांचा हिशेब असा. साध्या करडईत दोन बंधांचं आम्ल पाऊण हिस्सा, म्हणजे वंगण म्हणून कच्ची. पण करडईच्या हाय-ओलेइक जाती आहेत, त्यांत हेच प्रमाण उलटं होऊन एका बंधाचं ओलेइक पाऊण हिस्सा असतं, आणि या कामाला त्याच सगळ्यांत योग्य. सोयाबीन आणि सरकी, दोन्हींत दोन बंधांचं आम्ल पन्नास टक्क्यांच्या आसपास. सोयाबीनमध्ये वर तीन बंधांचंही सात-आठ टक्के. मोहाच्या तेलात स्टिअरिक आणि पामिटिक ही बिनबंधाची आम्लं भरपूर, त्यामुळे ते टिकतं, पण डिसेंबरच्या सकाळी तुपासारखं थिजतं आणि तेलनळीत अडकतं. करंज त्या मानाने बरं, पण त्याचा वास आणि कडवटपणा खाद्यपदार्थाजवळ चालत नाही.

एरंडी वेगळ्याच वाटेची. तिच्या आम्लात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक, ज्याला डोकं आहे, एक दुहेरी बंध आहे आणि वर एक हायड्रॉक्सिल गटही आहे. धरायला तीन जागा. म्हणून ती धातूला घट्ट चिकटून राहते. बंडीच्या आखाला पिढ्यान्‌पिढ्या एरंडीचं वंगण उगीच नव्हतं देत. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ मध्ये पडलं तेसुद्धा कॅस्टर म्हणजे एरंडीवरूनच. दोष इतकाच की ती फार घट्ट. जोरात फिरणाऱ्या बारीक पार्टला तिचा घट्टपणा जड पडतो, आणि फार तापली की तीही गोंद धरते.

मिश्रण करायचं तर

साखळी, कॅम, बिजागरी, सावकाश चालणारा प्लंजर अशा डीएलसी लावलेल्या पार्टसाठी, ८० अंशांच्या आत, हे मिश्रण चालतं: हाय-ओलेइक रिफाइंड तेल ९८५ ग्रॅम, ग्लिसरॉल मोनो-ओलिएट १० ग्रॅम, बीएचटी हे खवटणं रोखणारं अँटिऑक्सिडंट ५ ग्रॅम. तेलाचं भांडं गरम पाण्यात ठेवून ६०-६५ अंशांवर न्या, थेट जाळावर नको. आधी बीएचटी विरघळू द्या, मग मोनो-ओलिएट, आणि पंधरा-वीस मिनिटं ढवळा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. तांब्या-पितळेचं अजिबात नाही, कारण तांबं तेलाचं खवटणं भराभर वाढवतं. याच कारणाने मशीनमध्ये शेजारी गनमेटलचा बुश असेल तर तेल निम्म्या काळात बदलायची तयारी ठेवा.

रात्रभर ठेवल्यावर मिश्रण स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ दिसलं तर बहुधा पाणी गेलंय. मोनो-ओलिएटची पाण्याशी गाठ पडली की ते जेलीसारखं घट्ट होतं आणि बारीक जाळी तुंबवतं. ओल्या बाटलीत भरल्यावर हे हमखास घडतं. तयार मिश्रणातलं पाव लिटर बाजूला झाकून ठेवा. दर पंधरा दिवसांनी मशीनमधलं तेल आणि हे ठेवलेलं तेल एकाच नरसाळ्यातून, एकाच तापमानाला, तितकंच सोडून वेळ मोजा. मशीनमधल्याला पाचवा हिस्सा जास्त वेळ लागला, की ते घट्ट व्हायला लागलंय, बदला. वास खवट आणि बोटांत तार सुटायला लागली असेल तर मोजत बसूच नका.

दुसरा पर्याय ग्लिसरीन-पाणी: ८०० ग्रॅम ग्लिसरीन आणि २०० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर. नितळ, धुऊन निघणारं, रबरी सीलला न फुगवणारं. ग्लिसरीन औषधी ‘आयपी’ दर्जाचंच घ्यावं. स्वस्तात मिळणाऱ्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल या विषारी पदार्थाची भेसळ झाल्याने औषधांतून माणसं दगावलेली आहेत. बायोडिझेल करताना १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो ग्लिसरीन खाली बसतं, ते फुकटात मिळतंय म्हणून तसंच ओतू नका. त्यात मिथेनॉल, कॉस्टिक आणि साबण असतो.

या मिश्रणाची खरी अडचण हवा आहे. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि हवेशी जुळवून घेतं. उघड्या ट्रेमध्ये ठेवलं तर ८० टक्के आर्द्रतेत ते जवळजवळ निम्मं पाणी होऊन बसतं. मे महिन्यात उलट, त्यातलं पाणी उडून जेमतेम काही टक्के उरतं. २० अंशांवर शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या १,४०० पट घट्ट, ८० टक्क्यांचं सुमारे ६० पट, आणि निम्म्या पाण्याचं फक्त सहा पट. म्हणजे श्रावणात तेच वंगण दहापट पातळ झालेलं असतं आणि दोन पृष्ठभागांमधली पुटी फाटते. यावर एक सोपा उपाय बॅटरीवाल्याकडे आहे. ॲसिड मोजायचं हायड्रोमीटर १.१०० ते १.३०० वाचतं, आणि आपलं मिश्रण नेमकं त्याच पट्ट्यात पडतं. २० अंशांवर ८० टक्क्यांचं मिश्रण १.२०९ दाखवतं, निम्मं-निम्मं १.१२६. ४० अंशांच्या उन्हाळ्यात हेच आकडे शतांशभर कमी दिसतील. हायड्रोमीटर आधी पाण्याने भरपूर धुवा, ॲसिडचा थेंबही चालणार नाही. रीडिंग १.१९ खाली गेलं की ताजं ग्लिसरीन घाला. ट्रेवर झाकण असेल तर हा खटाटोप निम्म्याने कमी होतो.

हे मिश्रण फक्त लेप असलेल्या किंवा स्टेनलेस पार्टला. लेप नसलेल्या साध्या पोलादाला पाण्यामुळे गंज चढतो. पातळ झालेल्या ग्लिसरीनमध्ये बुरशीही धरते, आंबूस वास आला की फेकून ट्रे धुवायचा. आणि जिथे वंगण अन्नाला लागण्याची शक्यता आहे, म्हणजे संत्र्याचा रस भरणारा पिस्टन, डाळीचा एलेव्हेटर, तिखटाची पाकीट मशीन, तिथे यातलं घरगुती काहीच नको. तिथे ‘एच-१’ नोंदणीचं फूड-ग्रेड वंगणच हवं. ग्लिसरीन खाण्यालायक असलं तरी मशीनमधून फिरून आलेलं ग्लिसरीन तसं राहत नाही.

लेप उडतो तो कशाने

काळ्या मातीवर घर बांधलेल्याला हे चटकन कळेल. पाया कच्चा असेल तर वरची फरशी कितीही कडक असो, ती तडकणारच. डीएलसीचं तसंच आहे. नरम पोलादावर लेप दिला तर दाबाखाली पोलाद दबतं, लेप दबत नाही, तो अंड्याच्या कवचासारखा फुटतो. ईएन-८ या साध्या, नरम पोलादाचा शाफ्ट तसाच लेपाला पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी नायट्रायडिंग करा, म्हणजे नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कडक करा, किंवा पाणी दिलेलं, ६० एचआरसी (रॉकवेल कडकपणा) च्या आसपासचं ईएन-३१ हे बेअरिंगचं पोलाद घ्या. पण तिथेही एक मेख आहे. ईएन-३१ बऱ्याचदा १५० ते १८० अंशांवर टेंपर केलेलं (पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेलं) असतं आणि लेपाच्या पेटीत तापमान २०० च्या आसपास जाऊ शकतं. पार्ट तिथेच नरम पडतो, वाकडा होतो. टेंपरिंगचं तापमान लेपवाल्याला कागदावर लिहून द्या आणि पेटी त्याच्या खाली ठेवायला सांगा.

पृष्ठभागाचा खडबडीतपणा लेपाने झाकला जात नाही. दोन मायक्रॉनचा थर खालच्या प्रत्येक ओरखड्याचा ठसा वर आणतो, आणि तो ओरखडा आता पोलादाहून कितीतरी कडक झालेला असतो. समोरचा पार्ट मग कानशीने घासल्यासारखा झिजतो. म्हणून लेपाआधी ०.०५ ते ०.१ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणा) पर्यंत लॅपिंग, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करणं. धारदार कडा किंचित गोल करून घ्या, कारण लेपाच्या आत मोठा दाब कोंडलेला असतो आणि कडेवरून सुटायला सुरुवात होते. गॅल्व्हनाइज्ड किंवा ब्रेझ केलेला पार्ट पेटीत जात नाही, निर्वातात जस्ताची वाफ होते. आणि माप: दोन मायक्रॉनचा लेप म्हणजे व्यास चार मायक्रॉनने वाढला. प्लंजर-बॅरलच्या फिटिंगमध्ये एवढ्याने पार्ट अडकतो.

पार्ट परत आला की लेप चिकटलाय की नाही याचा पुरावा मागा. सोबतच्या नमुन्याच्या तुकड्यावर रॉकवेलच्या हिऱ्याच्या टोकाने १५० किलोचा ठसा मारतात आणि खळग्याभोवती भेगा पडल्या की पापुद्रा सुटला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एचएफ-१ ते एचएफ-४ चालतं. ५ आणि ६ म्हणजे परत पाठवा.

वापरात सगळ्यांत मोठा शत्रू धूळ. पाणी दिलेल्या पोलादापेक्षा वाळूतला क्वार्ट्झ कडक, म्हणून धुळीने पोलाद ओरखडतं. डीएलसी क्वार्ट्झपेक्षाही कडक, त्याला ओरखडा पडत नाही. पण वीस मायक्रॉनचा कण दोन मायक्रॉनच्या लेपावर दाबला गेला की खालचं पोलाद खचतं, लेप तुटतो आणि तुटलेला कपचा तेलात फिरत राहतो. तो वाळूपेक्षाही कडक. एक कपचा निघाला की पुढचे शंभर तोच काढतो. थ्रेशर, बंडीचा आख, रोटाव्हेटर यांना डीएलसीचा विचारही करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे चांगला ग्रीस आणि धड सील, एवढं पुरतं.

जैवविघटनशील वंगण म्हणजे २८ दिवसांत निदान ६० टक्के विघटित होणारं, अशी चाचणीची अट आहे. ती ताज्या तेलाची. मशीनमधून निघालेल्या तेलात धातूची भुकटी असते, म्हणून तेही नाल्यात किंवा बांधावर ओतायचं नाही. आणि जळकं इंजिन ऑइल वाळवीसाठी खांबांना फासायची पद्धत बंद केलेली बरी. ते पावसाने धुऊन विहिरीकडे जातं.

शेवटी पुन्हा त्या इंजेक्टरच्या सुईकडे. तिचं वंगण म्हणजे डिझेलच. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भाग इतकं खाली आणलंय, आणि ते काढताना डिझेलमधला नैसर्गिक बुळबुळीतपणाही जातो. म्हणून डिझेलसाठी वेगळी झीज-चाचणी आहे: ६० अंशांवर गोळी घासून पडणारा झिजेचा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा. तेलापासून केलेलं बायोडिझेल एक-दोन टक्के मिसळलं तरी हा डाग लहान होतो. मानकांत ते सात टक्क्यांपर्यंत चालतं. केरोसीनची भेसळ नेमकं उलट करते, आणि सुई-प्लंजर आधी जातात. घाण्याचं कच्चं तेल टाकीत ओतून मात्र बघू नका. ४० अंशांवर डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक, कच्च्या तेलाचा तीसच्या वर. ते नोझलच्या उष्णतेत गोंद धरतं आणि त्या काळ्या चकचकीत सुईलाच जागच्या जागी चिकटवून टाकतं. अशी सुई सुटी करायला कारागीर तिला स्वच्छ डिझेलमध्ये रात्रभर भिजत घालतात. पॉलिश पेपर तेव्हाही नको.